साड्यांचा आडोसा

मनीषनगर, नागपूर
दि. ७ एप्रिल २०२५

ती. भूमिकाताईस,
उत्तराचा सा. न. वि. वि.

पाकीट पाहून दचकली असशील. फोन करता आला असता, पण तुझा फोन घरात चार जणांच्या हातात फिरतो आणि हे चार जणांनी ऐकण्यासारखं नाही. शिवाय पोस्टमास्तरच्या पोरी आपण. बातमी फोनवर सांगावी आणि मनातलं कागदावर लिहावं, हे बाबांचं म्हणणं मी आजवर मोडलेलं नाही.

तर मनातलं असं. नववीच्या मुलांना मी लग्नाच्या चालीरीतींवर वह्या करायला सांगितल्या होत्या. तीन वह्यांत एकच फोटो निघाला, इंटरनेटवरच्या त्या खुल्या ज्ञानकोशातून घेतलेला. पाठमोरी बाई हौदाच्या काठावर बसलेली आहे. पिवळी साडी अंगाला चिकटलीय, ब्लाउजची मागची नाडी सुटलीय आणि मोकळ्या पाठीवरून हळदीचं पाणी ओघळतंय. चेहरा केसांनी झाकलेला. खाली लिहिलंय, विदर्भातील हळदीचे न्हाण, छायाचित्र पियूष गावंडे. म्हणजे माझा नवरा. मुलींनी मला विचारलं की मॅडम, हे सर तुमचेच ना. मी मान हलवली आणि वह्या उलट्या करून ठेवल्या.

तो हौद तुझ्या मळ्यातला आहे हे मी लगेच ओळखलं. फेब्रुवारीतली देवकीची, म्हणजे तुझ्या नणंदेची हळद. मी दहावीच्या प्रॅक्टिकलमुळे लग्नाच्या दिवशी पोहोचले आणि हा फोटोच्या हौसेपायी आदल्या दिवशीच येऊन बसला होता. संत्र्याच्या झाडांचे फोटो काढायचेत म्हणे. काढले ना संत्र्यांचे.

ताई, मी जळतेय. लपवून काय करू? पंधरा वर्षांत या माणसानं माझा एकही फोटो असा काढलेला नाही. मला उभी करतो आणि हनुवटी वर घे म्हणतो, की झालं आधार कार्ड. आणि या बाईच्या पाठीवरचा एकेक थेंब त्यानं मोजून घेतलाय. किती वेळ पाहत बसला असेल? तो फोटो ज्ञानकोशात महिन्याचं चित्र म्हणून निवडला होता आणि आमच्या घरी त्या दिवशी बासुंदी झाली होती. ती मी केली होती, कुठला फोटो ते न विचारता.

ती कोण, हे मला कळलंय. असा मागून मोकळा गळा आणि त्यावर तशी गुंडीदार नाडी सीताबर्डीत एकच बाई शिवते आणि तीच घालते. देवकीची मैत्रीण, रोशनी. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तरी तुझ्याकडून खात्री हवी. न्हाणाच्या वेळी आडोशात कोण कोण होतं ते नावानिशी लिही.

जिजाजींना नमस्कार. लोभ असावा, आणि तो इतर कुणाहीपेक्षा माझ्यावर जास्त असावा.

तुझी,
उत्तरा


मु. मळा, ता. नरखेड
दि. १३ एप्रिल २०२५

चि. सौ. उत्तरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. इकडे आंबिया बहाराची संत्री सुपारीएवढी झालीत आणि विहिरीनं तळ दाखवायला सुरुवात केलीय. मोटर दिवसातून दोनदा बंद पडते. मामंजींची, म्हणजे आमच्या रामाजींची, गुडघेदुखी तशीच आहे. देवकी सासरी रुळली.

आडोशात कोण होतं ते तुला ठाऊकच आहे. आमच्याकडे नवरीची उष्टी हळद घरातल्या बायका एकमेकींना लावतात आणि मग हौदावर सगळ्याच न्हातात. पाच साड्या दोरीवर बांधून चारही बाजू बंद करतात. पुरुषांना बांधावरही फिरकू देत नाहीत. वर्षातून एखादाच दिवस असतो तो, की बायका मोकळ्या हसतात. पिवळे ब्लाउज रोशनीनं सगळ्यांना सारखेच शिवले होते, हे मात्र ध्यानात घे.

रोशनीच्या वाटेला जाऊ नको. ती बाई कोण ते सोड. पियूषरावांना एवढंच सांग की तो फोटो तिथून काढा. हे मी तुझी मोठी बहीण म्हणून सांगते. कारण विचारू नको.

एक लिही. त्या फोटोत पाठीवर काही दिसतं का? मोठा करून नीट पाहा. आणि वह्या मुलांना परत देशील तेव्हा तेवढं पान फाडून घेता येईल का?

उन्हात शाळेतून येतेस, रुमाल बांधत जा. तू विचारलंस म्हणून लिहिते, लोभ तुझ्यावरच जास्त आहे. लहानपणापासून तू दुसऱ्या कुणाला घेऊ दिलास कुठे?

तुझी,
ताई


मनीषनगर, नागपूर
दि. १९ एप्रिल २०२५

ती. ताईस,
सा. न.

तू सांगितलंस तेवढं केलं आणि नको म्हणालीस तेही केलं. रागावून मोकळी हो आणि पुढे वाच.

पाठ मोठी करून पाहिली. काही नाही त्या पाठीवर. तीळसुद्धा नाही. दुधावरच्या सायीसारखी पाठ आहे मेलीची. मला वाटतं तुलाही हेच पाहायचं होतं की तिच्यात आहे तरी काय.

पियूषला विचारलं. आधी हसला, मग चिडला. म्हणाला, काहून बोंबलून राहिली, चेहरा कुठी दिसते त्याच्यात, मग परवानगी कोणाची घेऊ, पाठीची? पाण्याच्या टाकीवर चढून लांब पल्ल्याच्या भिंगानं काढला हे त्यानं स्वतःच सांगितलं, मोठ्या कौतुकानं. चाली मरून राहिल्या, कोणी तरी टिपल्या पाहिजेत, असंही व्याख्यान झालं. फोटो काढून टाक म्हटलं तर म्हणतो, एकदा सगळ्या जगाला फुकट वापरायला दिलेली वस्तू मागे घेता येत नाही. चौदा भाषांतल्या पानांवर तो लागलाय म्हणे. तिचं नाव मात्र सांगत नाही. अर्धा तास विचारलं. नाव सांगितलं असतं तर मला कमी लागलं असतं. लपवतोय म्हणजे काही तरी आहेच.

मग मी आज शनिवारची शाळा सुटल्यावर मेट्रोनं थेट सीताबर्डीला गेले. रोशनीच्या दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मी तिला बोलले. काय काय बोलले ते कागदावर उतरवत नाही, बाबांच्या आत्म्याला त्रास होईल. ती गळ्यातला टेप काढून ठेवत शांतपणे म्हणाली की ताई, मी हौदावर नव्हतीच, देवकीच्या शालूचा फॉल उसवला होता, तो लावत मी घरात मशीनवर बसून होती. आणि माझी पाठ कोणी अशी टिपली असती तर तुमच्याजवळ नाही, पोलिसात गेली असती. मला ते नाटक वाटलं. चोराच्या उलट्या बोंबा. घरी येताना मात्र बटणं लावायला आधीच दिलेल्या ब्लाउजची पिशवी तिथेच राहिली आणि ती परत आणायला जायची हिंमत झाली नाही.

तुला खरं सांगू? मला हे नवं नाही. लहानपणी तुझ्या केसांवर जळायची. दहावीत तुझ्या अक्षरावर. पियूषची माणसं आधी तुला पाहायला आली होती आणि त्याच्या आईनं पाठीवरच्या भाजल्याच्या डागाचं कुठून तरी कळल्यावर तुला नाकारून मला मागणी घातली, तेव्हा मी रडले होते, पण आतून मला बरंही वाटलं होतं. एकदा तरी तुला सोडून मला कोणी निवडलं. ते पंधरा वर्षं पोटात होतं, आज लिहिलं. आता ही कोण तिसरी आली, तेवढं सांग म्हणजे झालं.

लोभ आहे ना? असेल तेवढा पाठव.

तुझी,
उत्तरा


मु. मळा, ता. नरखेड
दि. २६ एप्रिल २०२५

चि. सौ. उत्तरास,
आशीर्वाद.

ती तिसरी मी आहे.

हे सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तू रोशनीला चार लोकांत बोललीस. माझ्यापायी तिनं ऐकून घ्यावं हे मला चालणार नाही. हे पत्र मिळताच जा आणि तिची माफी माग.

तुला ओळखू आले नाही, त्यात तुझा दोष नाही. मागून मोकळा गळा मी जन्मात घातला नाही, तुला कारण ठाऊक आहे. त्या दिवशी देवकी हटून बसली की वहिनी, आत सगळ्या बायाच आहेत, कोण पाहते तुमचा डाग, सगळ्यांसारखा घाला. घातला. तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पाठीला ऊन लागलं. छान वाटलं होतं मला. काठावर बसून न्हाणारी मी एकटीच होते, बाकीच्या उभ्यानं न्हाल्या.

डाग फोटोत नाही, कारण पियूषरावांनी तो पुसला असणार. कॉम्प्युटरवर असं करता येतं म्हणतात.

तुझ्या पत्राच्या आधीच मला कळलं होतं. मोटर दुरुस्त करायला मारोतराव आले होते. हौदापाशी उभे राहून त्यांनी फोन पाहिला, हौद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घालून स्क्रू शोधायला लागले. भला माणूस आहे. त्यांच्याच तोंडून कळलं की एसटी स्टँडवरच्या टपरीत तो फोटो फिरतोय आणि रामाजीच्या मळ्यातली कोणती म्हणून पैजा लागतात. चेहरा नाही म्हणून घरातल्या सगळ्याच बायांची पाठ समजा. तुझ्या जिजाजींना, सौरवना, मी सांगितलं. दोन दिवस जेवले नाहीत. माझ्यावर रागावले नाहीत, पण हौदावर एकटी जाऊ नको म्हणाले. माझ्या हौदावर.

मी ज्ञानकोशवाल्यांना लिहिलं, माहेरी आलेल्या देवकीकडून टाइप करून घेतलं. तिथे पगारी कोणी नाही, हौसेनं काम करणारे लोक आहेत आणि चर्चा सगळी उघड्यावर चालते. ती मी वाचली. एकानं लिहिलंय की चित्राचं शैक्षणिक मूल्य मोठं आहे. दुसरा म्हणतो, चेहरा नाही म्हणजे बाई ओळखू येत नाही, म्हणून संमतीचा प्रश्न येत नाही. तिसरा म्हणतो, उघड्या शेतातला हौद ही काही खासगी जागा नव्हे. साड्या त्यात दिसत नाहीत ना, चित्र कापून लावलंय. मी लिहिलं की ती मी, माझ्या पाठीवर डाग आहे. त्यावर नम्रपणे उत्तर आलं की चित्रातल्या पाठीवर डाग नाही, तेव्हा आपण ती नसाव्यात. सहा मेपर्यंत पुरावा दिला तर पाहू, नाही तर चित्र राहील.

म्हणजे माझी पाठ माझी आहे हे मला सिद्ध करायचंय आणि ते करायला लागणारी खूण तुझ्या नवऱ्यानं पुसून टाकलीय.

उत्तरा, मला तुझा राग येतो तो एका गोष्टीचा. तू दोन पत्रं लिहिलीस. ती कोण, ती कशी, त्यानं तिला किती वेळ पाहिलं, सगळं विचारलंस. तिला कोणी विचारलं होतं का, एवढं मात्र विचारलं नाहीस. ती रोशनी असती तरी हा प्रश्न होताच.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून गप्प बसले होते. आता एवढंच मागते. मूळ फोटो पियूषरावांकडे असेल. तो आहे का ते पाहा.

लोभ कमी झालेला नाही. पण आज लिहिताना हात जड आहे.

तुझी,
ताई


मनीषनगर, नागपूर
दि. २ मे २०२५

ती. ताईस,
सा. न. हा नमस्कार खरोखर वाकून केलाय.

हे पत्र पोस्टानं नाही, रोशनीच्या हातानं येतंय. तिची माफी मी त्याच दुकानात, गिऱ्हाइकं असताना मागितली. तिनं बटणं लावलेला ब्लाउज माझ्या हातात दिला आणि म्हणाली की चूक केली त्या दिवशी टेप काढून ठेवला, नाही तर तुमचं माप तिथेच काढलं असतं. मग हसली आणि चहा पाजला. उद्या ती देवकीला भेटायला तिकडे येतेच आहे, म्हणून पाकीट तिच्यापाशी दिलं. तिला सगळं ठाऊक आहे. तेवढं तुला न विचारता सांगावं लागलं.

आता माझं ऐक. तुझं पत्र वाचून पहिल्यांदा काय वाटलं ते लिहिते, म्हणजे तू मला ओळखशील. पहिल्यांदा मला तुझाच मत्सर वाटला. तुझ्यावर एवढं गुदरलेलं वाचत होते आणि माझ्या मनात आलं की म्हणजे ती पाठ ताईची, आणि तो पंधरा वर्षांनी टाकीवर चढला तो हिच्यासाठी. दोन तास मी तशीच जळत बसले. माझी मलाच किळस आली. मग उठले.

पियूषला म्हटलं की डाग का पुसला. आता लपवण्यासारखं उरलं नव्हतं, बोलला. त्याला वाटलं होतं की तो उपकार करतोय. आईनं त्या डागापायी नाही म्हटलं ते त्याला तेव्हाही पटलं नव्हतं म्हणे. डाग नसता तर किती सुंदर, हे जगाला दाखवावं असं वाटलं. मी म्हटलं की तेव्हा आईसमोर तोंड उघडलं असतंस तर ते धैर्य झालं असतं, टाकीवर चढून हे काय केलंस? त्यावर तो रडला. मी पाणी दिलं, पण जवळ बसले नाही. त्यानं ज्ञानकोशाला लिहिलं की चित्र काढा, तर त्यांचं उत्तर आलं की छायाचित्रकाराचं मन बदललं म्हणून चित्र निघत नाही. अडकला आपल्याच जाळ्यात.

वरच्या मजल्यावरच्या कुसुमताई वकील आहेत. नाव न घेता त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, कोणी पाहणार नाही या भरवशावर बाई जिथे असते तिथे तिला चोरून टिपणं हा गुन्हा धरला जातो. आणि फोटो काढायला हो म्हटलं असलं तरी तो पसरवायला वेगळं हो लागतं. इथे तर दोन्ही नव्हतं. कलम नेमकं किती बसेल ते कोर्ट ठरवेल, कारण अंगावर साडी होती, पण तक्रार करायचं दार उघडं आहे आणि मूळ फोटो कोणी नष्ट करू नये. हे त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. तो माझा नवरा आहे म्हणून एक शब्द गाळलेला नाही.

मूळ फोटो सापडला. कॅमेऱ्याच्या जुन्या कार्डात होता. त्यात पाचही साड्या दिसतात, माझी जुनी जांभळी नऊवारीही दिसते. म्हणजे खासगी जागा कशी नव्हे ते कोणी सांगूच शकणार नाही. आणि त्यात तुझी पाठ आहे, डागासकट.

ताई, मी तो डाग कधी नीट पाहिलाच नव्हता. तू दाखवलाच नाहीस आणि मीही कधी विचारलं नाही. मी पाच वर्षांची होते, चुलीवरचा उकळत्या पाण्याचा गंज मी ओढला आणि तू मला पोटाशी धरून पाठ फिरवलीस, एवढं आई सांगायची. काल पाहिलं. उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत आहे. पाच वर्षांची मी त्यात मावेन एवढा. तो माझ्याच अंगावर पडायचा होता. आणि मी म्हणे तुझा मत्सर करत होते.

मला लगेच तो फोटो ज्ञानकोशाला पाठवता आला असता. बोट बटणावर होतं, सहा तारीख जवळ आलीय. पण मग मीही त्याच्यासारखंच केलं असतं, चांगल्या हेतूनं. फोनवर विचारावं म्हटलं, तर बाबा आठवले. जे परत घेता येत नाही ते लिहून विचारावं आणि उत्तराला वेळ द्यावा. म्हणून कार्डच पाकिटात घातलंय. दुसरी प्रत नाही, मी सगळ्या पुसल्या. पियूषला न विचारता घेतलं. आपली वस्तू कोणी न विचारता नेली की कसं वाटतं, तेही कळू दे त्याला.

ते पाठव, ठेव, नाही तर चुलीत घाल. तुझं आहे.

लोभ मागायला या वेळी तोंड नाही. उरला असेल तर कळव.

तुझी,
उत्तरा


मु. मळा, ता. नरखेड
दि. ११ मे २०२५

चि. सौ. उत्तरास,
अनेक आशीर्वाद.

रोशनी तीन तारखेला आली. पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, मग कार्ड तिच्या लॅपटॉपला लावून मी माझी पाठ पाहिली. आरशात कधी पूर्ण दिसली नव्हती. डाग मला वाटला होता तेवढा वाईट नाही.

मूळ फोटो मीच पाठवला, माझ्या नावानं, त्यांच्या खासगी ईमेल पत्त्यावर, म्हणजे तो उघड चर्चेत येणार नाही. सोबत आणखी एक दिला. चार तारखेला आम्ही हौदावर साड्या बांधल्या. मी तोच ब्लाउज घातला, काठावर बसले आणि मान वळवून सरळ भिंगात पाहिलं. रोशनीनं फोटो काढला. काढायच्या आधी तिनं तीन वेळा विचारलं की काढू का, तेव्हा मी म्हटलं, काढ वं बाई, किती विचारतेस. दोन्ही शेजारी लावून खाली मी लिहिलं की डावीकडची बाई आणि उजवीकडची बाई एकच आहे. फरक इतकाच की उजवीकडचीला विचारलं होतं.

आठ तारखेला चित्र उतरवलं. ज्यानं मला आपण ती नसाव्यात असं लिहिलं होतं, त्यानं माफीचं पत्र पाठवलंय. टपरीतल्या फोनांत अजून असेल, तुझ्या शाळेतल्या वह्यांतही. ते सगळं परत येणार नाही हे मला कळतं.

मारोतराव काल मोटर बांधून गेले. जाताना मामंजींना सांगून गेले की त्या टाकीची शिडी काढून टाका.

आता पियूषराव. कार्ड मी चुलीत घातलेलं नाही. ते माझ्या पेटीत, बाबांच्या पत्रांखाली आहे. तक्रार करायची की नाही ते मी ठरवीन, सवडीनं. तू त्यांच्या बाजूनं बोलायला येऊ नको आणि माझ्या बाजूनंही नको. त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर आधी पत्रानं विचारावं. मी हो म्हणेनच असं नाही.

आणि तू लिहिलंस ना, की तेव्हा तुला निवडलं म्हणून बरं वाटलं होतं. मला ठाऊक होतं. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं, पाच वर्षांची असल्यापासून.

शाळेला सुट्टी लागली असेल. चार दिवस ये. एकटी ये. सकाळी ऊन चढायच्या आत हौदावर जाऊ. मी न्हाईन, आणि आडोसा तू धरायचा.

लोभ आहे तेवढाच.

तुझी,
ताई